वाळूचे टिब्बे वाचवायचेत? रोपं आणायच्या आधी हे वाचा

दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतंच, की आम्ही वीस-पंचवीस जण आहोत, रविवार मोकळा आहे, किनाऱ्यावरच्या वाळूच्या टिब्ब्यांवर काहीतरी लावायचंय, कुठली झाडं घेऊ? आणि मी दरवेळी उलट विचारते, तिथे लोक चालतात कुठून? मग समोरचा गप्प. बिचारा लावायच्या तयारीने आलेला असतो, फोटोबिटो काढायचं ठरलेलं असतं, आणि मी मधेच रस्त्याचं काय काढलं. पण खरं सांगते, टिब्ब्यांच्या कामात लावणी हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात छोटा भाग आहे. टिब्बा मरतो तो बहुतेक वेळा पायाखाली, आणि पाय वळवले तर बऱ्याचदा तो आपला आपणच उभा राहतो, तुमच्या एकाही रोपाशिवाय.

आधी हे नेमकं चालतं कसं ते थोडक्यात, कारण ते कळलं की पुढचं निम्मं काम तुमचं तुम्हालाच सुचेल. टिब्बा म्हणजे ढीग नव्हे. ढीग कुणीतरी ओततो, टिब्बा वाऱ्याने आणि गवताने मिळून बांधलेला असतो. वारा साधारण ताशी २० किलोमीटरच्या पुढे गेला की कोरडी वाळू हलायला लागते, कण तसे उडत नाहीत, टुणटुण उड्या मारत जातात, आणि बहुतेक सगळे गुडघ्याच्या खालीच असतात (म्हणून वाऱ्याच्या दिवशी पोटऱ्यांना टोचतं, तोंडाला फारसं नाही). समोर गवताचा झुपका आला, ओंडका आला, वाळकं शेवाळ आलं की तिथे वारा मंदावतो आणि कण खाली पडतात. साधं गवत असतं तर त्या वाळूखाली गुदमरून मेलं असतं, पण किनाऱ्यावरची गवतं वेगळ्या हाडाची, गाडली की वर येतात. युरोपातलं मॅरम गवत वर्षाला जवळजवळ एक मीटर वाळू अंगावर घेऊनही त्यातून डोकं वर काढतं, उलट वाळू यायची थांबली की तेच मलूल पडतं. वाळू आली, गवत वर आलं, परत वाळू आली, परत गवत, असं करत टिब्बा चढत जातो.

आणि एवढ्या चिवट गवताला एकच गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे वरून तुडवणं. कोंब मोडतात, मुळांची जाळी सैल होते, मग उघड्या पडलेल्या जागेत वारा घुसतो, खड्डा पडतो, खड्ड्यातून वारा अजून जोरात वाहतो, आणि बघता बघता टिब्ब्याला आरपार खिंड पडते. एका पायवाटेने सुरू झालेलं काम वारा पूर्ण करतो.

पहिला महिना नुसतं बघा

हो, महिना. आम्ही बघितलं नव्हतं. पहिल्या वर्षी अगदी उत्साहात समुद्राच्या बाजूला, पार खालपर्यंत, दिवसभर राबून रोपं लावली, ओळी अशा सरळ की काय सांगू, आणि पुढच्या अमावास्येच्या उधाणाला समुद्र आला आणि खालच्या सगळ्या ओळी घेऊन गेला. एकही राहिलं नाही. कुणाला दोष द्यायचा, आम्हीच भरतीची रेघ कुठवर येते ते ना कुणाला विचारलं ना कधी बघितलं. त्यामुळे आधी अमावास्या किंवा पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला जा आणि पाणी कुठवर चढतं तिथे काठी रोवून या, वादळी हंगामात गेलात तर अजून बरं. त्या काठीच्या खाली काहीही लावायचं नाही.

मग वारा बघा. मुख्य वारा कुठून येतो, वाळू कुठून उचलतो, कुठे टाकतो. एक सोपी युक्ती म्हणजे रुंद तोंडाच्या बाटल्या तोंडापर्यंत वाळूत पुरून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी कुठली किती भरली ते बघा, बारीकसारीक हिशोब नाही जमणार पण वाळू कुठून चाललीय ते नक्की कळतं (बाटल्या मोजून पुरा आणि मोजूनच काढा, नाहीतर आपणच कचरा करून आलो असं व्हायचं). आणि पायवाटा कागदावर काढा. किती आहेत, कुठून सुरू होतात, लोक तिथूनच का जातात. जवळजवळ नेहमीच उत्तर एकच असतं, गाडी लावायच्या जागेपासून पाण्यापर्यंतचा सगळ्यात जवळचा रस्ता.

एक प्रश्न आणखी, आणि हा लोक विसरतातच. तुमच्या टिब्ब्याला खरंच गवत कमी आहे का? सगळीकडे वाळू उघडी पडलीय हाच रोग नसतो. नेदरलँड्स आणि ब्रिटनमध्ये बऱ्याच ठिकाणी उलटं झालं, पिढ्यान् पिढ्या गवत लावून, वाळू अडवून अडवून टिब्बे इतके झाकले गेले की उघड्या वाळूत राहणारे किडे, सरडे, छोटी ऑर्किडं यांना जागाच उरली नाही. डायनॅमिक ड्यूनस्केप्स नावाचा प्रकल्प इंग्लंड-वेल्समध्ये २०२० च्या आसपास सुरू झाला, त्यात लोकांनी मुद्दाम झुडपं काढली, काही ठिकाणी वरचा थर खरवडून वाळू परत मोकळी केली. म्हणजे हातात रोप घेऊन जायचं की कुदळ घेऊन, हे जागा ठरवते, आपला उत्साह नाही.

परवानगी लागते. जवळपास सगळीकडे लागते, कारण किनारा कुणा ना कुणाच्या अखत्यारीत असतो आणि टिब्ब्यांना बऱ्याच देशांत कायद्याचं संरक्षण आहे. फ्लोरिडात सी ओट्स नावाचं टिब्ब्यावरचं गवत तोडणंसुद्धा गुन्हा आहे. ही काही आजकालची नाटकं नाहीत बरं का, स्कॉटलंडमध्ये १६९४ ला कल्बिनची शेतं वाळूखाली गेली तेव्हा १६९५ ला तिथल्या संसदेने किनाऱ्यावरचं गवत उपटायला बंदी घातली होती. डेन्मार्कमध्ये स्कॅगनजवळ एक चर्च आहे, टिब्बे सुटले आणि वाळू इतकी येऊ लागली की लोक फावड्याने दार मोकळं करून प्रार्थनेला जायचे, शेवटी १७९५ ला ते सोडूनच दिलं, आज नुसता मनोरा उभा आहे. तर लेखी परवानगी घ्या, आणि कुठल्या महिन्यात काम करायचं नाही हेही तिथेच विचारून घ्या, कारण पक्षी आणि कासवं.

पक्ष्यांचं असं, की प्लोव्हर जातीचे छोटे पक्षी घरटं म्हणून काही बांधतच नाहीत, उघड्या वाळूत एक खळगी आणि त्यात खड्यांसारखी दिसणारी अंडी. तुम्ही त्यावर पाय देऊन पुढे जाल आणि तुम्हाला कळणारही नाही. विणीच्या काळात त्या भागात कामच नको, आणि कुत्रा घेऊन तर नकोच नको.

पाय वळवायचे

टिब्बा बंद करून टाकू, चारी बाजूंनी तार ठोकू, असं पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटतं. नका करू. लोकांना पाण्यापर्यंत जायचंच असतं, तुम्ही रस्ता बंद केला तर ते तारेखालून जातील आणि वर तुम्हाला शिव्या घालतील. दहा वाटांपैकी एक किंवा दोन चांगल्या करा, इतक्या चांगल्या की दुसरीकडून जायचा कंटाळा यावा, आणि मग उरलेल्या बंद करा. क्रम उलटा करू नका.

चांगली वाट म्हणजे थोडी तिरकी. सरळ समुद्राकडे तोंड केलेली वाट म्हणजे वाऱ्यासाठी बोगदाच, ती मुख्य वाऱ्याच्या दिशेला आडवी किंवा वळण घेऊन काढा. लाकडी फळ्यांची असेल तर फळ्या जमिनीपासून वर उचललेल्या आणि मधे फटी ठेवलेल्या हव्यात, म्हणजे खाली उजेड जातो, वाळू सरकते, गवत जगतं. एवढं बजेट नसेल तर फळ्या दोराने किंवा साखळीने एकमेकींना बांधून वाळूवर शिडीसारख्या पसरायच्या, वाळू साचली की उचलून परत वर ठेवायच्या. साधं काम आहे पण दर महिन्याला कुणीतरी करायला हवं.

बंद केलेल्या वाटेच्या दोन्ही तोंडाशी खांब आणि एक दोर, गुडघ्याच्या वर, बास. दोर हा अडथळा नसतो, निरोप असतो. आणि वाटेवर वाळक्या फांद्या आडव्या टाका, त्यात दोन कामं होतात, चालायला त्रास होतो आणि वाळूही अडते. पाटी लावायची तर "प्रवेश बंद" लिहू नका, लोकांना त्या शब्दांची सवय झालीय. "इथे गवत वाढतंय, वाट डावीकडे ५० पावलांवर" असं लिहा आणि बाण काढा. आमच्याकडे पाटी बदलली आणि दोर ओलांडणारे लोक खरंच कमी झाले, मलाही आश्चर्य वाटलं होतं.

वाळू अडवायचं कुंपण

पाय वळवल्यावरही खिंड भरत नसेल, तर वाळू अडवायला कुंपण. इथे सगळ्यात मोठी चूक म्हणजे भक्कम कुंपण. पत्रा, प्लायवूड, घट्ट विणलेली ताडपत्री, काही चालत नाही, कारण भिंतीला आपटून वारा गिरकी घेतो आणि पायथ्याचीच वाळू उकरून नेतो. कुंपण निम्मं उघडं आणि निम्मं बंद पाहिजे, म्हणजे वारा आरपार जातो पण दमून जातो आणि वाळू तिथेच टाकतो. काठ्या-पट्ट्या तारेत गुंफलेल्या, किंवा नुसत्या फांद्या ओळीने रोवलेल्या, दोन्ही चालतात. उंची एक-सव्वा मीटर पुरे, खांब मात्र निदान तेवढेच खाली गेले पाहिजेत, वाळूत खांब कसा हलतो ते एकदा वादळात बघितलंत की माझं म्हणणं पटेल. वाऱ्याला आडवं लावायचं. भरलं की त्याच्यावर दुसरं, पहिलं काढत बसायचं नाही, ते आत गाडलेलंच राहू दे, म्हणूनच ते प्लास्टिकचं नको, लाकूड, बांबू, काथ्या असं कुजणारं हवं.

इंग्लंडच्या फाइल्ड किनाऱ्यावर दर हिवाळ्यात लोक वापरून झालेली ख्रिसमस झाडं टिब्ब्यांच्या पुढ्यात अर्धी पुरून ओळी करतात, फांद्यांत वाळू अडकते, पुढच्या वर्षी त्याच्या पुढे नवी ओळ. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ब्रॅडली बीचनेही १९९० च्या दशकात झाडं आणि कुंपणं वापरूनच टिब्बे उभे केले होते. २०१२ च्या सँडी वादळाने ते टिब्बे खाल्ले, पण मागचं नुकसान शेजारच्या गावांपेक्षा बरंच कमी झालं.

कासवं अंडी घालायला येत असतील तर किनाऱ्याला समांतर लांबच लांब कुंपण अजिबात नको, मादी वर येते, अडते आणि तशीच परत जाते, किंवा वाईट म्हणजे आत येऊन अडकते. फ्लोरिडात यासाठी साधारण ३ मीटरचे सुटे तुकडे किनाऱ्याशी तिरके लावतात आणि दोन तुकड्यांत किमान २ मीटर जागा सोडतात. वाळू त्यातही अडते, कासवही जातं.

आता लावणी

आलो एकदाचे. काय लावायचं? जे त्याच किनाऱ्यावर आधीपासून आहे ते, दुसरं काही नाही. उष्ण किनाऱ्यांवर पुढच्या ओळीत मर्यादवेल, ती जांभळ्या फुलांची, शेळीच्या खुरासारख्या पानांची, आणि रावणाच्या मिशा नावाची टोचऱ्या पानांची वनस्पती, जिला हात लावताना हातमोजे घालायचे. दोघीही वाळूवर धावत जातात आणि पेऱ्यापेऱ्याला मुळं धरतात. थंड किनाऱ्यांवर तिथली उभी गवतं. त्यांच्या मागे, जिथे खारा फवारा कमी पोचतो, तिथे झुडपं, आणि झाडं अगदी मागे. हा क्रम निसर्गाने उगाच नाही लावलेला.

पुढच्या ओळीत सुरूचं झाड लावायचा मोह होतो, भराभर वाढतं, हिरवं दिसतं, उद्घाटनाला बरं. पण सुरूच्या सावलीत आणि त्याच्या पडलेल्या पात्यांच्या गादीखाली वेल आणि गवत टिकत नाही, खालची वाळू बांधायला कुणी उरत नाही, मग लाटेने पायथा कापला की झाड मुळासकट आडवं. बाहेरून आणलेल्या गवताचीही तीच गत. युरोपातलं मॅरम एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियात वाळू अडवायला म्हणून नेलं, त्याने तिथे उंच, उभट, दाट टिब्बे बांधले, उघड्या वाळूतले प्लोव्हर बेघर झाले, आणि मग १९९० च्या दशकात हंबोल्ट बे जवळच्या लॅन्फियर टिब्ब्यांवर माणसं हातात फावडी घेऊन तेच गवत खणून काढत बसली होती, परत परत, कारण ते एकदा काढून जात नाही. न्यूझीलंडमध्येही मॅरमने पिंगाओ नावाचं सोनेरी, गवतासारखं स्थानिक रोप मागे ढकललं, जे माओरी लोक विणकामाला वापरतात, आता गावोगावच्या टोळ्या ते परत लावतायत. एकाच गवताने एका किनाऱ्यावर टिब्बा राखला आणि दुसऱ्यावर बिघडवला.

लावायची वेळ म्हणजे पाऊस किंवा थंडी, जेव्हा वाळू खालून ओली असते. वरून कोरडी दिसली तरी बोटभर उकरलं की ओल लागली पाहिजे, नाही लागली तर घरी जा. उभ्या गवताचे दोन-तीन फुटवे एका भोकात, भोक वीतभर तरी खोल, जमलं तर त्याहून जास्त, अंतर एक हात म्हणजे साधारण ४५ सेंटीमीटर, आणि ओळी एकाआड एक सरकवलेल्या, म्हणजे वाऱ्याला सरळ गल्ली मिळत नाही. वेलीचे तुकडे तीन-चार पेऱ्यांचे घ्या, खालची पानं काढा, निम्मी पेरी वाळूत पुरा आणि टोक वर ठेवा. माती दाबतो तसं टाचेने घट्ट दाबा, आत हवा राहिली की मुळं वाळतात. मुळं क्षणभरही उन्हात उघडी ठेवायची नाहीत, ओल्या गोणपाटात गुंडाळलेली रोपं एकाने धरायची, दुसऱ्याने पहारीने भोक पाडायचं, तिसऱ्याने दाबायचं, अशा तिघांच्या जोड्या... म्हणजे तिकड्या, सगळ्यात झपाट्याने काम करतात.

शेणखत, काळी माती, काही टाकू नका. श्रीमंत वाळूत तण येतं आणि टिब्ब्याची झाडं मागे पडतात, त्यांना उपाशीच राहायची सवय असते. रोपांसाठी फुटवे आजूबाजूच्या चांगल्या टिब्ब्यावरून घेत असाल तर एका ठोंबातून थोडेसेच, इकडून तिकडून, नाहीतर इथलं भरायला तिथे भोक पाडून याल.

लहान मुलं सोबत असतील तर एक गोष्ट आधीच ठणकावून सांगा, टिब्ब्याच्या उभ्या बाजूला भुयार किंवा खोल खड्डा खणायचा नाही. वाळू ढासळली की आवाज होत नाही आणि माणूस बाहेर काढायला वेळ पुरत नाही.

शंभरातली वीस-तीस मेली तर नाराज होऊ नका, पुढच्या हंगामात त्याच जागी भरा. निम्म्याहून जास्त मेली तर मात्र परत लावू नका, आधी कारण शोधा, बहुतेक वेळा पाणी, पाय किंवा गुरं यातलं काहीतरी असतं.

सफाईचा एक घोळ

किनारा स्वच्छ करायला येणाऱ्यांशी आमचं दरवर्षी एकदा तरी वाजतं. प्लास्टिक, जाळ्या, काच, चपला, सगळं उचला, दंडवत तुम्हाला. पण भरतीने आणून टाकलेली शेवाळाची, पाल्याची, लाकडाची जी रेघ असते, ती कचरा नाही. तिथेच पहिली वाळू अडते, तिथेच बी रुजतं, कुजून खत मिळतं ते तिथेच. नवीन टिब्ब्याची पायाभरणी म्हणा ना. एकदा एका यंत्रणेने मोठं दातांचं यंत्र फिरवून सगळी पुळण कशी चकचकीत केली होती, आणि त्या रेघेबरोबर आमची वर्षभराची गुडघाभर उंचीची बाळटेकाडंही सपाट. त्यांना वाटलं वाळूचे उंचवटेच आहेत. तेव्हापासून आम्ही यंत्र यायच्या आधी जाऊन टिब्ब्याच्या पायथ्यापासून दहा-बारा पावलांवर काठ्या रोवतो आणि चालवणाऱ्या दादांनाच भेटतो, साहेबांना नाही. काठीपासून टिब्ब्यापर्यंत फक्त हाताने वेचायचं, असं ठरलंय.

मोजमापाला ड्रोन लागत नाही. चार-पाच बांबू पक्के रोवा, प्रत्येकावर रंगाने दर १० सेंटीमीटरला खूण करा, आणि तीन महिन्यांनी वाळू किती चढली-उतरली ते वहीत लिहा. त्याच जागेवरून, त्याच दिशेला तोंड करून फोटो, फोटो काढायच्या जागीही एक खुंटी ठोकून ठेवा नाहीतर दरवेळी कोन बदलतो. पैसे मागायला गेलात की हीच वही कामाला येते.

आणि वादळ येऊन गेल्यावर... टिब्ब्याचं समोरचं तोंड सुरीने कापल्यासारखं उभं दिसेल, मुळं लोंबत असतील, दोन वर्षांची लावणी गेलेली असेल, रडू येईल. पण ती वाळू हरवलेली नसते, लाटांनी ती ओढून थोडी आत समुद्रात नेऊन बांध घातलेला असतो, त्या बांधावर पुढच्या लाटा फुटतात आणि मागचा टिब्बा वाचतो, मग शांत हंगामात हळूहळू तीच वाळू किनाऱ्यावर परत येते आणि वारा ती उचलतो. यायला महिने लागतात, कधी वर्षं. या काळात कुणी यंत्र आणून तो कडा उताराला लावून देतो म्हणालं तर नको म्हणा, त्यात वरचं जिवंत गवतही जातं. तुम्ही एवढंच करा, तुटलेल्या कुंपणाच्या तारा आणि खिळे वेचा कारण लोक अनवाणी फिरतात, कड्याखाली कुणी बसू नये म्हणून दोर बांधा, लोंबणारी मुळं आणि पडलेले ठोंब तिथेच पायथ्याशी राहू द्या, बांबूवरचा आकडा लिहा, आणि पायथ्याशी कोरडी वाळू पुन्हा दिसायला लागली की मगच फांद्यांची पहिली ओळ रोवायला या.